सहावं टक

मी सांगते आहे ते घडलेलं आहे. दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्याच कानांवरून गेलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, पण वाचताना मध्येच हसू नका, एवढंच मागते.

दिवस दोन नोव्हेंबरचा. मेलेल्यांचा दिवस.

वेळ दुपारी दीडची. लख्ख ऊन होतं.

जागा म्हणजे समुद्रकाठच्या दानाओ गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीवरचं आमचं घर. घरामागे केळीत दडलेली पत्र्याची शेड. माझा नवरा ग्लिसेरियो, आमचा सेरियो, तिथे बसून रिव्हॉल्व्हर बनवायचा. तो जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

शेडला कुलूप होतं. किल्ली माझ्या गळ्यात होती.

आणि आतून आवाज येत होता...

पण त्याआधीचं सांगायला हवं. मला सगळ्यात जड जातं तेच.

आमच्याकडे बंदुका घराघरात बनतात. कानस बापाच्या हातून मुलाच्या हातात येते, तसंच गुपितही येतं. पोलीस हत्यारं वेगळी करतात ती नळीच्या लांबीवरून आणि गोळीच्या मापावरून. मी आवाजावरून करायचे. खांद्याला लावायच्या बंदुकीचा खटका जड, जुनं दार लोटल्यासारखा. पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकून पुढे येतो, तो शिंप्याच्या कात्रीसारखा वाजतो.

रिव्हॉल्व्हर मात्र मोजतं.

अंगठ्याने मागचा घोडा ओढला की आतली बारीक पट्टी चक्राला ढकलते. चक्र एक घर पुढे सरकतं. त्याच क्षणी खालून एक खुंटी येऊन चक्राच्या खाचेत बसते.

टक.

ती खुंटी वेळेवर बसली तर गोळीचं घर नळीच्या बरोबर समोर येतं. केसभर उशिरा बसली तर घर तिरपं राहतं. मग गोळीला नळीची वाट मिळत नाही. ती दुसरी वाट शोधते...

सेरियोच्या हाताला डोळे होते, आणि माझ्या कानाला बोटं. प्रत्येक नग गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी मी कानाशी धरायचे. रिकामा. सहा घरं, सहा टक. आमच्या घरात त्या सहांना नावं होती. माझी सासू गुणगुणायची, तिच्याकडून मी घेतली होती.

पहिलं टक आईचं.
दुसरं टक बापाचं.
तिसरं भावाचं, चौथं शेजाऱ्याचं.
पाचवं टक देवाचं.
सहावं... ज्याच्या हातात जाईल त्याचं.

सहाही स्वच्छ वाजली की लाकडी मूठ काढून आतल्या लोखंडावर मी सहा ठिपके ठोकायचे. वरून मूठ बसली की ते कुणाला दिसत नसत. पण ठिपके आहेत म्हणजे दिनाने ऐकलं आहे, हे टेकडीवर सगळ्यांना ठाऊक होतं. सेगुंदिना माझं नाव, दिना म्हणतात.

शेजारी पेर्पेतुआ राहायची. मी तिला नांग पेता म्हणते, थोरली बहीण म्हणावं तसं; ती मला दाय म्हणते, म्हणजे धाकटी. तिचा एकुलता मुलगा रुफिनो. माझ्या अंगणात रांगलेला, मला तिया म्हणायचा, म्हणजे मावशी. त्याला समोरच्या कामोतेस बेटावर एका गोदामाच्या राखणीचं काम लागलं. सेरियोने त्याच्यासाठी रिव्हॉल्व्हर केलं, मूठ चिंचेच्या लाकडाची.

निघायच्या सकाळी रुफिनो शेडच्या दारात उभा. खांद्यावर पिशवी, तोंडात भाजलेलं मक्याचं कणीस.

"तिया, आटप. बोट काही माझ्या सासऱ्याची नाही, थांबून राहायला."

"आधी बायको तरी कर, मग सासऱ्याचं बोल," मी म्हटलं. "आणि चावायचं थांबव. मला ऐकू दे."

तो चावायचा थांबला. गाल फुगलेले तसेच.

आईचं. बापाचं. भावाचं. शेजाऱ्याचं. देवाचं.

पाच वाजली. काचेच्या बांगडीसारखी.

मी सहाव्यांदा घोडा ओढला... आणि खाली धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला.

लांब, फाटका भोंगा. टेकडी चढून थेट शेडमध्ये आला.

सहावं मला ऐकूच आलं नाही.

"झालं ना?" रुफिनोने विचारलं.

चक्र पुन्हा फिरवून ऐकायला किती वेळ लागला असता? तो चेहरा पुसतो तेवढाच. पण तो पायावर पाय नाचवत होता, खालून भोंगा पुन्हा बोलावत होता, आणि पाच इतकी चांगली वाजली होती.

मी मूठ काढली. सहा ठिपके ठोकले.

"झालं. पळ."

थोरल्यांचा निरोप घेताना लावतात तसा त्याने जाता जाता माझा हात कपाळाला लावला. हाताला मक्याचा वास राहिला होता. संध्याकाळपर्यंत.

सात आठवड्यांनी बातमी आली. गोदामाशी कुणीतरी कुंपण तोडत होतं, रुफिनोने घाबरवायला हवेत गोळी झाडली. चक्र बाजूने फुटलं. लोखंडाचा तुकडा मानेत गेला.

सेरियो बोटीने गेला आणि ते रिव्हॉल्व्हर तांदळाच्या पोत्यात गुंडाळून घेऊन आला. शेडमध्ये बसून त्याने मूठ काढली.

सहा ठिपके.

त्याने एकेकावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तू ऐकलं होतंस. म्हणजे चूक माझ्या कानशीची."

मी दारात उभी होते. बोलायचं ते इथपर्यंत आलं होतं, गळ्याच्या या खळीपर्यंत.

मी गिळून टाकलं.

त्याने कानस ठेवली ती ठेवलीच. शेडला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी नांग पेताच्या अंगणात जाऊन तिची लाकडं फोडू लागला. चार वर्षं. पावसात, तापात. ती दार लावून घ्यायची. तो लाकडं रचायचा आणि यायचा.

माझ्याशी मात्र ती बोलायची. माझे ठिपके बरोबर होते ना.

शेवटच्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"दिना, सहाही वाजली होती ना?"

मी त्याच्या चादरीचं टोक सरळ करत होते. मान वर केली नाही.

"हो," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. आपलीच चूक उराशी घेऊन गेला. ती त्याची नव्हती.

तर आता त्या दुपारचं.

मेलेल्यांच्या दिवशी आम्ही आधी त्यांचं ताट वाढतो. ते जेवेपर्यंत घरात कुणी घास उचलत नाही. मी सेरियोसाठी गुळाचा चिकट भात केला होता, मेणबत्ती लावली होती. नांग पेता आली. हातात केळीच्या पानावर तिनेही भात आणलेला.

"रुफिनोचं वाढून झालं," ती म्हणाली. "थोडा उरला. दे तुझ्या त्याला. आज तरी भांडण नको."

"बस ना, नांग."

"बसते. तुझ्या भाताला गूळ कमी पडलाय. इथूनच दिसतंय."

ती बसली. आम्ही ताटाकडे बघत राहिलो.

कोंबड्या अंगणात माती उकरत होत्या. एकाएकी थांबल्या.

वारा नव्हता... केळीचं एक पान हलत नव्हतं.

आणि शेडमधून आलं...

टक.

मी ओळखलं. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

टक.

नांग पेताने माझ्याकडे पाहिलं.

टक... टक...

मी मनात मोजत होते. आईचं. बापाचं. भावाचं. शेजाऱ्याचं.

टक.

देवाचं.

मग काही नाही.

आम्ही दोघी थांबलो. मेणबत्तीचं मेण ताटात ओघळलं. कोंबड्या अजून तशाच, एक पाय उचललेल्या.

नांग पेता हळूच म्हणाली, "दाय... पुढचं?"

पुढचं आलं नाही.

मी उठले. कुलूप जागच्या जागी, गंजलेलं. किल्ली फिरवायला दोन्ही हात लागले. आत चार वर्षांची धूळ. जमिनीवर एक पाऊल नाही. पोतं कोपऱ्यात होतं तसंच, गाठ न सुटलेली.

गाठ मी सोडली.

चक्राचे दोन भाग झाले होते. ते फिरणं शक्यच नव्हतं. त्यातून टक निघेल कसं?

मूठ अजून निघालेलीच होती. चिंचेचं लाकूड बाजूला, लोखंड उघडं. मी उजेडात नेलं. बोट फिरवलं.

एक. दोन. तीन. चार. पाच.

सहावा ठिपका नव्हता.

घासलेला नाही, बुजवलेला नाही. तिथलं लोखंड गुळगुळीत होतं, जणू तिथे कधी काही ठोकलंच नव्हतं. सेरियोने सहा पाहिले होते. मी सहा ठोकले होते...

मागे नांग पेता उभी होती. तिनेही मोजले.

मी सांगितलं. तिथेच, धुळीत बसून. भोंग्यासकट, मक्याच्या कणसासकट सगळं सांगितलं.

वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त उंबऱ्यावर बसली आणि आपल्या अंगणाकडे बघू लागली. तिथे सेरियोने रचलेली लाकडं होती. अजून संपली नव्हती.

"चार वर्षं," ती म्हणाली. "तापाने फणफणलेला असायचा. मी त्याला घोटभर पाणी दिलं नाही, दिना. फटीतून बघायचे आणि म्हणायचे, मर."

ती माझ्याकडे वळली.

"माझा मुलगा गेला तो गेला. चूक कुणाच्याही हातून होते. पण हे पाप तू माझ्या हातून करून घेतलंस."

"नांग, मला..."

"मला नको सांगू. ज्याला सांगायचं त्याला सांग."

मी त्या रिकाम्या शेडमध्ये, त्याच्या बाकड्याशी बोलले. सेरियो, सहावं मी ऐकलं नव्हतं. तुझी कानस खरी होती की खोटी, ते आता कुणालाच कळायचं नाही. पण ऐकायचं काम माझं होतं. खोटी असती तर मी तिथेच धरायला हवी होती. तुला मी खोटं सांगितलं, दोनदा. एकदा गप्प राहून, एकदा हो म्हणून.

मग वाट पाहिली. आता सहावं वाजेल. आता.

वाजलं नाही.

दर वर्षी त्या दिवशी, दुपारी दीडला, शेडमधून पाच टक येतात. आठ वर्षं झाली. पाद्री येऊन पाणी शिंपडून गेले. रिव्हॉल्व्हर मी समुद्रात टाकलं, बोटीतून, खोल पाण्यात. पुढच्या वर्षी पुन्हा पाच.

दर वर्षी मी पुन्हा सांगते. दर वर्षी थांबते.

नांग पेता येते, भात घेऊन. माझ्याशी फार बोलत नाही, पण येते. सेरियोच्या ताटाशी पाण्याचा पेला तीच ठेवते. काठोकाठ भरलेला.

आता एक नवं झालं आहे. त्यामुळेच हे लिहायला बसले.

माझे कान गेले.

दोन वर्षांत हळूहळू गेले. आधी कोंबड्या गेल्या, मग पाऊस, मग माणसं. डॉक्टर म्हणाले वय. असेल.

यंदा दोन नोव्हेंबरला मी ताटाशी बसले. दीड वाजला. मेणबत्ती स्थिर होती. अंगणात कोंबड्या थांबल्या, एक पाय उचलून. म्हणजे सुरू झालं होतं. मला मात्र काहीच नाही... कापूस भरल्यासारखं सगळं. मी नुसती नांग पेताच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिच्या पापण्या हलत होत्या. ती मोजत होती.

पाच वेळा हलल्या.

मग ती खूप वेळ तशीच बसली. कोंबड्या पुन्हा माती उकरू लागल्या.

"नांग," मी विचारलं. माझा आवाजही मला ऐकू आला नाही. "सहावं वाजलं का?"

तिचे ओठ हलले. मी ते वाचले.

"हो."

ती माझ्याकडे बघत नव्हती. ताटाखालच्या कापडाचं टोक दुमडलं होतं, ते सरळ करत होती.