दोन खुर्च्यांचं बुकिंग

दातांचा डॉक्टर तिला पहिल्यांदा भेटला तो भांडणातच. त्याच्या दवाखान्यातला नळ फुटला आणि पाणी टपकलं ते थेट खाली, तिच्या सुशीच्या भातात. ती हातात भातवाढी घेऊनच तरातरा जिना चढली. तो पाठमोरा हात धूत होता. "बसा, आ करा," म्हणाला... आणि वळला. मग आ त्याचाच झाला.

माफी मागायला म्हणून तो खाली जेवायला आला, आणि येतच राहिला.

तळघरातलं ते जपानी सुशी काउंटर तिच्या मामांचं. दोघांचाही हात असा, की घास तोंडात गेला की माणसानं बोलणं विसरावं. पण रस्त्यावरून दिसायची ती दातांचीच पाटी. त्यामुळे सुजलेले गाल धरून माणसं चुकून आत शिरायची. खरी गिऱ्हाइकं मात्र विरळाच.

आणि आज डॉक्टरनं दोन खुर्च्या राखून ठेवायला सांगितल्या होत्या.

"दोन? नक्की?" तिनं मामांना पुन्हा विचारलं.

"एक त्याची, एक दुसरी. झाल्या की नाही दोन?"

तो आला. एकटाच. कडक इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून बसला, जणू कुणी पळवूनच नेणार होतं ती.

"कोण येणारेय?" तिनं सुरी पुसत विचारलं. सुरी मघाशीच पुसून झाली होती.

"आहे एक..."

"जुनी ओळख?"

"हल्लीचीच. पण मनात भरलीय."

तिचे हात चालूच होते. भाताचा इवलासा मुटका वळायचा, वर मासा बसवायचा, आणि दोन्हींच्या मधे वसाबीचं बोट लावायचं. नाकात चढणारी ती हिरवी चटणी राईएवढी पुरते. आज तिच्या बोटावर चांगली वाटाण्याएवढी आली! वरून मासा बसला. दिसायला घास किती सालस.

त्यानं तो अख्खा तोंडात टाकला. क्षणभर काहीच नाही... मग कान लाल, डोळे डबडबलेले.

"कसं झालंय?"

"उ... उत्तम," तो कसाबसा म्हणाला.

तिची तिलाच लाज वाटली. मुकाट्यानं चहाचा पेला पुढे सरकवला.

"तिच्यासाठीही एक करून ठेवा ना."

"हा घास वाट बघत नाही कुणाची," ती फणकारली. "यायचं होतं वेळेवर. एवढंही कळत नसेल तिला तर—"

"तिला सगळं कळतं. ती येईल का, तेच मला कळत नाहीये."

त्याची बोटं पेल्याशी चाळा करत होती. दाढा उपटणारी बोटं!

तेवढ्यात मामांनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. "हो बाजूला. आता मी करतो."

"का? माझं काय चुकलं?"

"वसाबीचं मागाहून बोलू. आधी जा, बस. तुझ्यासाठी खुर्ची अडवून बसलाय तो."

ती डॉक्टरकडे वळली.

"मामांना विचारलंत, खुर्ची अडवलीत..." ती म्हणाली. "मला विचारलंत?"

"आत्ता विचारतोय." त्याचे डोळे अजून ओलेच होते. "तुम्ही सगळ्यांना खायला घालता. तुम्ही जेवलात का, ते कुणी बघतच नाही. मला बघायचंय... शेजारी बसून. रोज. नाही म्हणालात, तर मी आपला वरच राहीन. पुन्हा खाली येऊन त्रास देणार नाही."

काउंटरला वळसा घालायला वेळ तो कितीसा? पण तिला जिना चढण्यापेक्षा जड गेलं. या बाजूला ती कधी बसलीच नव्हती. खुर्ची उंच, पाय अधांतरी, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते सुचेना. मामांनी दोन घास पुढे ठेवले. तिनं एक उचलला, सावकाश चावला. तो श्वास रोखून बघत होता.

"भात जरा जास्त दाबलाय," ती म्हणाली.

"खा मुकाट्यानं!" मामा गरजले.

"आणि... माझं उत्तर?" तो पुटपुटला.

तिनं खुर्ची त्याच्याकडे सरकवली, इतकी की कोपराला कोपर टेकलं.

"एक सांगून ठेवते," ती समोर बघतच म्हणाली, "यापुढे एकट्यापुरतं बुकिंग करायला आलास ना... तर दारातूनच परत पाठवीन."