बापाचा जागतंतू

पडद्यावर मादी उंदराच्या मेंदूचा काप हिरवागार चमकत होता. अग्रमेंदूच्या तळातून निघालेला एक जाड तंतू थेट श्रवणकेंद्रात शिरला होता.

“हाच जागतंतू,” डॉ. गोसावी म्हणाले. “विणीनंतर जाड होतो. पिल्लू किंचाळलं की आई गाढ झोपेतूनही उठते. आपलं मंदक-द्रव्य त्याला निजवतं. आई झोपली, पिल्लंही टुणटुणीत. आणखी काय हवं?”

त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शाल्मलीला झोपच हवी होती. सात महिन्यांच्या ईशाननं तिला पिळून काढलं होतं. नवरा, हृषीकेश, कानाशी ढोल वाजवला तरी कूस बदलायचा नाही. म्हणून तर मंदक घेणारी पहिली आई म्हणून तिनं आपलं नाव दिलं होतं. मात्रा उद्या होती. पण एक गोष्ट टोचत होती.

“सर, आई झोपलेली, मग घरट्याबाहेर पडलेली पिल्लं परत कोण नेत होतं?”

“आपली आपण गेली असतील.”

“डोळे न उघडलेली?”

तिनं पिंजऱ्याचं चित्रण लावलं. विणीआधी नराला हलवायची तिथली पद्धत. पण या खेपेला नवे पिंजरे आलेच नाहीत, नर तिथेच राहिले. कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. चित्रणात आई मेल्यासारखी पडली होती आणि नर पिल्लू तोंडात धरून लगबगीनं घरट्याकडे निघाला होता.

शाल्मलीनं आपली मात्रा पुढे ढकलली. नरांच्या मेंदूत तंतूंची वाट दाखवणारा मागोवा-रंग सोडला. काप तयार झाले तेव्हा गोसावी खुर्चीतून उठलेच.

“बापाचा जागतंतू? आईपेक्षाही जाड!”

“म्हणजे पिल्लं बापानं वाचवली, सर. एकटीदुकटी मादी असती तर आपण झोपेचं औषध नाही, विष बनवलं असतं. आधी घरात दुसरा जागतंतू, मग मात्रा. हा नियमच करायचा.”

“मान्य. पण ज्या पिंजऱ्यांत आईला मंदक दिलंच नाही, तिथले नरही पिल्लांजवळच होते की! त्यांचा तंतू केसाएवढा. असं का?”

शाल्मलीनं पडद्यावरच्या त्या बारीक तंतूवर बोट ठेवलं. मग हसली आणि तिथूनच घरी फोन लावला.

“हृषी, आजपासून पाळणा तुझ्या बाजूला. मी आईकडे झोपायला चाललेय.”

“अगं, पण मला ऐकूच येत नाही ना तो रडलेला!”

“कसं येईल? तुझ्याआधी मी उठते.”