काशीबाईचा चालू फोन

आदेश, दिवा बारीक कर. पिंकी, तो मोबाईल ठेव खाली, त्याचीच गोष्ट हाय. एकदाच सांगेन, दमलोय मी आज.

रोह्याचा निकेश ठाऊक हाय ना? टॉवरवाला. आधी या पट्ट्यात चौघं होते. मग कंपनीनं एआय आणलं, तिघं घरी गेले, आणि रोह्यापासून पेणपर्यंतचे सगळे टॉवर एकट्या निकेशच्या गळ्यात पडले. रात्री कुणाचा फोन चालू नसला, म्हणजे कुणी कुणाला लावलेला नसला, की ते एआय टॉवर झोपवायचं. वीज वाचते म्हणे. एक जरी फोन चालू असला, तर टॉवर झोपवायचं नाय, निकेशला उठवायचं!

मार्गशीर्षातली अमावास्या, शुक्रवार. रात्री सव्वाला त्याचा मोबाईल वाजला. पेणच्या खाडीकडचा टॉवर झोपत नाय, जाऊन बघा. हल्ली रोज रात्रीचं हेच. बिचारा नागोठण्याचं काम उरकून नुकताच आडवा झालेला. शिव्या घालत गाडी काढली, सडकेला लावली आणि मिठागराच्या बांधावरून चालत टॉवरच्या खोलीत शिरला.

लॅपटॉप जोडला. एकच फोन चालू. तीन तास झालेले, आणि कुणी बोलत नाय.

“झोपलं असंल कुणीतरी फोन तसाच ठेवून,” तो पुटपुटला.

चालू फोन असताना टॉवर हातानं झोपवायचा नाय, हे त्याला पाठ होतं. शेजारच्या टॉवरची रेंज त्या बांधांवर पोचत नाय, हेही माहीत होतं. पण डोळे मिटत होते हो त्याचे. दाबलं बटण. पंखा थांबला. एकदम चिडीचूप.

परत निघाला. अर्ध्या बांधावर घोट्याला काहीतरी टोचलं. उजेड मारला.

मण्यार.

फोन काढला. रेंज नाय. कुठून असणार... त्यानंच तर झोपवलेला टॉवर.

सडकेकडे धावला. पाय लटपटले. बसला. ओरडायला गेला... जीभ हलेना. पापण्या उचलेनात. घरी दोन वर्षांची मनाली. ती उठून बाबा शोधेल... एवढंच डोक्यात. किती वेळ गेला, त्यालाच ठाऊक नाय.

मग माणसांचे आवाज. कुणीतरी उचललं. डोळे उघडत नव्हते, पण ऐकू येत होतं. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर सोबत्याला सांगत होता, “बाईचा फोन आला रे. मिठागरावरची काशीबाई बोलते, म्हणाली. कंपनीचा पोरगा बांधावर पडलाय, या लवकर.”

वाचला निकेश. आठ दिवसांनी नारळ घेऊन काशीबाईचं घर विचारत गेला. दार तिच्या लेकीनं उघडलं, हौसानं.

“आईचं बारावं काल झालं, दादा.”

निकेशनं बोटांवर दिवस मोजले. तो पडला, त्याच्या चार दिवस आधीच बाई गेलेली.

“बाबांच्या छातीत रात्री कळ आली, तवा रेंज नव्हती,” हौसा सांगू लागली. “गेले. तवापासून आई रोज रात्री मला फोन लावायची नि चालूच ठेवायची. म्हणायची, गावाचा टॉवर जागा राहतो गो. ती गेली त्याच दिवशी तिचा फोन बंद करून फडताळात ठेवलाय.”

 निकेशनं नारळ तिथेच ठेवला, नि रडला.

आता पेण ते रोहा सगळे टॉवर रात्री झोपतात. खाडीकडचा तो एक नाय झोपत. निकेशनं काही बदललं नाय, साहेबांनीही नाय. कुठला टॉवर का जागा ठेवला, त्याचं कारण एआय रोज लिहितं.

त्या टॉवरपुढे... जागा कोरी असते.