खिशातली तार

ही घटना सोलापुरातली आहे आणि खरी आहे. यशपालने ती तीन वेळा सांगितली. तिन्ही वेळा एकही तपशील बदलला नाही. वार रविवार, १२ मे २०२४. वेळ दुपारी सव्वाचार. जागा, जुळे सोलापुरातलं त्याचं पत्र्याचं गॅरेज.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. बाहेर रणरणतं ऊन होतं.

गॅरेजात एक जुनी इटालियन मोटारसायकल होती. मूळची रस्त्यावर चालवायची. यशपाल आणि त्याचा थोरला भाऊ धर्मपाल, दोघांनी मिळून ती शर्यतीची केली. दिवा काढला, हॉर्न काढला, आरसे काढले. स्टँडसुद्धा काढून टाकला. उभी करायची तर भिंतीला टेकवावी लागे. शर्यतीच्या गाडीचे बोल्ट हादऱ्यांनी सुटू नयेत म्हणून त्यांना बारीक तार पिळून बांधतात. ते काम यशपालचं.

निघण्याआधी धर्मपाल दर वेळी विचारायचा, "तार?"

"बांधली, दादा."

मग तो टाकीवर अंगठीने दोनदा वाजवायचा. टक् टक्. आणि सुटायचा.

२०१९ साली नातेपुत्याजवळच्या माळावर सराव होता. तार हातात घेतली आणि यशपालला फोन आला. बोलून परतला तेव्हा धर्मपाल हेल्मेट घालून तयार बसला होता.

"तार?"

"बांधली, दादा."

तिसऱ्या फेरीला इंजिनखालचा बोल्ट गळाला. ऑइल मागच्या चाकावर आलं. धर्मपाल दवाखान्यात पोचेपर्यंत गेला होता. तिथल्या पायरीवर यशपालने रुमालासाठी खिशात हात घातला...

तार खिशात होती.

"दादा लई जोरात होता," एवढंच त्याने सगळ्यांना सांगितलं. पाच वर्षं तेच सांगितलं.

मग धर्मपालच्या मुलीने, धम्मप्रियाने हट्ट धरला. पप्पांची गाडी एकदा चालवायचीच. शेवटी रविवार ठरला. शनिवारी यशपालने स्वतः तार बांधली, मोबाइलवर फोटो काढला आणि गॅरेजला कुलूप घातलं.

रविवारी ती हेल्मेट घेऊन आली. "काका, किती वेळ लावताय कुलपाला? नवरी आणायचीय का बाहेर?"

"गप की जरा," म्हणत त्याने दार उघडलं.

भिंतीजवळ गाडी नव्हती...

ती मधोमध उभी होती. सरळ. कशालाही न टेकता. जणू कोणी वर बसून दोन्ही पाय जमिनीला लावले होते.

"स्टँड कधी बसवला हो?"

यशपालने वाकून गाडीखाली पाहिलं. स्टँड नव्हताच.

धम्मप्रियाने हँडलवर हात ठेवला. लहानपणापासून ऐकलेलं तिने हसत विचारलं, "तार?"

"बांधली." तोंडातून निघून गेलं.

टाकीवर काहीच वाजलं नाही...

गाडी हळूच कलली. धम्मप्रियाच्या हातून सुटली आणि यशपालच्या मांडीला येऊन टेकली. त्याने वाकून पाहिलं. बोल्ट उघडा होता.

हात आपोआप खिशाकडे गेला...

तार. सरळ, एकही पीळ नसलेली.

फोटोत ती बोल्टला बांधलेली दिसते. आजही दिसते.

"काका, काय झालं?"

"नाही बांधली," तो म्हणाला. "त्या दिवशीपण नव्हती बांधली, बाळा. मी दादाशी खोटं बोललो."

तिने हेल्मेट पोटाशी धरलं.

"आईला तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. वहिनीने दार लावून घेतलं.

महिन्याने धम्मप्रिया परत आली. पक्कड मागून घेतली आणि इंजिनखालच्या बोल्टची तार स्वतः पिळून बांधली. ती अजून जागेवर आहे.

ब्रेकच्या बोल्टची तार यशपाल दर शनिवारी बांधतो. रविवारी ती त्याच्या खिशात असते. शर्ट बदलला तरी.

सरळ. एकही पीळ नाही.