हातातली गुरगुर

हृदय आणि किडनी म्हणजे जावा-जावा. एकीचं बिनसलं की दुसरी हमखास फुगून बसते. म्हणून किडनीच्या पेशंटला हार्ट अटॅक आला की भलेभले डॉक्टर हात आखडता घेतात. अँजिओग्राफीच्या डायने उरलीसुरली किडनी जाईल म्हणे! मी नाही घेत. ज्याची किडनी बंदच पडलीय, त्याला तिची भीती घालून मरू द्यायचं का?

काकांचं डायलिसिस दुपारी आटोपलं आणि छातीत कळ आली. मी पोचले तेव्हा काकू खाटेशी उभ्या होत्या, काकांच्या डाव्या मनगटावर तळवा ठेवून. डायलिसिससाठी तिथे धमनी आणि शीर जोडलेली असते. हात लावला की आत मांजरासारखी गुरगुर लागते. ती चालू आहे ना, हे रोज पाहायचं असतं. काकांच्या घरी ते काम काकूंचं.

"काकू, जरा बाजूला व्हा."

त्यांनी हात उचलला आणि मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. मी छाती दाबायला वाकले, तोवर काकूंनी घाईने हात परत ठेवला. रेघ पुन्हा उड्या मारू लागली.

"पोटॅशियम," मी सिस्टरला म्हणाले. "ते खालीवर झालं की हृदय असले नखरे करतं. रक्त पाठवा."

रिपोर्ट आला. पोटॅशियम अगदी व्यवस्थित होतं. मी वायरी बदलल्या, मॉनिटर बदलला आणि काकूंना पुन्हा हात काढायला लावला. पुन्हा सपाट! या वेळी मी माझा हात तिथे ठेवून पाहिला. काही उपयोग झाला नाही. काकांचे ओठ निळे पडायला लागले.

"राहू द्या हो, मीच धरते," काकू म्हणाल्या.

मी वाद घातला नाही. बंद रक्तवाहिनी उघडणं महत्त्वाचं होतं. काकूंना एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा एप्रन चढवून अँजिओग्राफीच्या खोलीत घेतलं. मांडीतून तार सरकवली, डाय अगदी कंजुषीने वापरली.

"एसी किती लावलाय हो मेला," काकू पुटपुटल्या. त्यांचा हात थंडगार पडला होता.

स्टेंट बसला, रक्त धो धो वाहू लागलं. काकांनी डोळे उघडले.

"हिला कुणीतरी बसायला द्या."

खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. "काकू, आता सोडा बिनधास्त."

"नक्की? परत बंद नाही ना पडणार?"

"अजिबात नाही."

त्यांनी हात उचलला. रेघ चालत राहिली.

काकांचं मनगट पाहिलं. गुरगुर थांबली होती. ब्लडप्रेशर उतरलं की कधीकधी तो जोड गोठतो, नवा करता येतो. त्यात काळजीचं काही नव्हतं.

शाबासकी द्यायला मी काकूंचा हात हातात घेतला.

बोटांखाली गुरगुर लागली.

नाडी शोधली. नाडी नव्हती. नुसती गुरगुर.

स्टेथोस्कोप त्यांच्या छातीवर ठेवला. आत काहीच वाजत नव्हतं.

काकूंनी तो हलकेच बाजूला केला, काकांकडे एकदा पाहिलं आणि माझ्या कानाशी आल्या.

"ह्यांना घरी सोडेपर्यंत पुरेल ना हो एवढं?"