बायडाबाईंचा श्वास

जेवणं आटोपली होती. झाँसीच्या रेल्वे कॉलनीत वीज गेली होती आणि धुकं गच्चीच्या कठड्यापर्यंत आलं होतं. शेकोटीभोवती पोरं बसली होती. पार्थनं नवा माइक घेतला होता. त्याला ऑडिओवर भुताची गोष्ट करायची होती आणि तिच्यात "एकदम असली आवाज" घालायचे होते. सुभाषचंद्र काका, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड, बराच वेळ हात शेकत बसले होते.

"असली आवाज," ते म्हणाले. "करंदीकरांच्या मनस्वीचं कळलं नाही वाटतं तुम्हाला? तिच्या डोळ्यांसमोर घडलंय. आणि तिनं स्वतः सांगितलंय, तेव्हा ऐकीव म्हणू नका. ऐका."

गेल्या वर्षीची भोगी. तेरा जानेवारी. संध्याकाळी मनस्वीच्या आईनं डब्यात भोगीची भाजी आणि बाजरीच्या दोन भाकऱ्या घातल्या आणि म्हणाली, "लीलाकाकूंकडे दे. त्यांच्याकडे यंदा सण नाही. आणि लौकर ये, कोहरा फार आहे, चार हातांपलीकडचं दिसत नाही."

लीलाकाकूंचं घर खंडेराव गेटच्या आत, अरुंद गल्लीत. महिन्यापूर्वी त्यांच्या सासूबाई, बायडाबाई, गेल्या होत्या. मनस्वीला तसंही तिथंच जायचं होतं, कारण माडीवरची खोली तिनं आणि नचिकेतनं भाड्यानं घेतली होती. नचिकेत म्हणजे इथून जवळच्या बबीन्याच्या सुभेदारांचा मुलगा. ही लिहायची, तो दिग्दर्शन करायचा. भिंतींना जुन्या गाद्या आणि रजया ठोकून, मधे लाकडी भिंत घालून तिच्यात एक दार आणि काचेची खिडकी ठेवून त्यांनी स्टुडिओ केला होता. खाली गल्लीत दिवसभर ई-रिक्षांचे भोंगे, म्हणून रेकॉर्डिंग रात्रीच व्हायचं.

पुण्याच्या एका कंपनीनं नव्या लेखक-दिग्दर्शकांसाठी स्पर्धा ठेवली होती. तिथल्या मॅडम दर वेळी एकच सांगायच्या, "दुसऱ्यांसारखं करू नका. तुमचा स्वतःचा आवाज शोधा." मनस्वीनं गोष्ट लिहिली होती झाँसीच्या मराठीत, आपण घरात बोलतो तशी, अर्धी हिंदी मिसळलेली. पण मॅडमना सगळ्यात आवडला तो गोष्टीतल्या म्हातारीच्या भुताचा श्वास. ओला, घुरघुरणारा, घशात काहीतरी अडकल्यासारखा. "अंगावर काटा आला," त्या म्हणाल्या. "हाच तुमचा आवाज."

"केलास कसा रे?" मनस्वीनं तेव्हा विचारलं होतं.

"साबुदाण्याची पेज आणि एक नळी," नचिकेत हसला होता. "सोपं आहे."

त्या रात्री शेवटचा भाग पूर्ण करून पाठवायचा होता. मनस्वीनं खाली डबा दिला. लीलाकाकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "नचिकेत भैयालाही दे हो यातली भाकरी," त्या म्हणाल्या. "त्याचे उपकार आहेत आमच्यावर. सासूबाईंचं अर्धं अंग गेलेलं, तोंड वाकडं, पेज गळायची. सख्खा नातूही नाक मुरडायचा. पण हा पोरगा रोज संध्याकाळी खाली येऊन स्वतःच्या हातानं भरवायचा. शेवटचा घाससुद्धा त्याच्याच हातचा. त्यानंतर मी तोंडात ठेवलं ते तुळशीपत्रच."

मनस्वी माडीवर गेली. नचिकेत आतल्या खोलीत माइकसमोर बसला होता, निवेदनाच्या ओळी घोकत. ती बाहेर लॅपटॉपपाशी बसली. शेवटच्या प्रसंगात श्वास थोडा लांब हवा होता, म्हणून तिनं त्याच्या फोल्डरमधून मूळ रेकॉर्डिंग उघडलं. कापाकाप न केलेलं, पूर्ण. हेडफोन कानाला लावला.

आधी वाटीवर चमचा घासल्याचा आवाज आला. मग नचिकेत.

"आजी, आ करा. मोठा आ. हां."

मग गिळणं. ते इतकं जवळ होतं, की लाळेचा ताणला जाणारा धागासुद्धा ऐकू येत होता. जिभेचा चिकट आवाज. हनुवटीवरून काहीतरी ओघळून टपकल्याचा आवाज.

"बस... बस रे, लेका," बायडाबाई म्हणाल्या. शब्द तोंडातच विरघळले.

"अजून एक. भरपूर घ्या. आता श्वास ओढा ना आजी... जोरात... बढ़िया."

ठसका. मग दुसरा. मग ती घुरघुर. पुण्याच्या मॅडमना आवडलेली, मनस्वीनं स्वतःच्या वाक्याखाली प्रेमानं बसवलेली, शंभरदा ऐकलेली घुरघुर. आणि त्या घुरघुरीत नचिकेत काही बोलत नव्हता. पाठीवर हात फिरवत नव्हता. कुणाला हाक मारत नव्हता. नुसता थांबला होता. आवाज घेत.

मग परत चमचा.

मनस्वीनं हेडफोन ओढून काढला. कान ओला झाल्यासारखा वाटला, तिनं तो ओढणीनं खसाखसा पुसला. ती कोपऱ्यातल्या बादलीत ओकली आणि मग तोंड न पुसताच तिनं आतलं दार उघडलं.

"तू त्यांना मुद्दाम ठसका लावत होतास."

नचिकेतनं आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो लाजला नाही. तीच गोष्ट तिला सगळ्यात घाण वाटली.

"त्या तशाही जाणारच होत्या, मनू. डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

"शेवटच्या दिवशीसुद्धा?"

त्यानं हातातला कागद सरळ केला.

"नचिकेत, शेवटच्या दिवशीसुद्धा?"

"तो टेक तर सगळ्यात भारी आहे," तो हळूच म्हणाला. "ऐकशील तर तुलाही पटेल. कुठल्या स्टुडिओत मिळणार असा आवाज?"

"मी लीलाकाकूंना सांगणार आहे. आत्ता."

"सांग ना. पण एक ओळ राहिलीय, तेवढी घेऊ दे. मग काय भांडायचं ते भांड." आणि त्यानं दार आतून लावून घेतलं.

मनस्वी जिन्याकडे निघाली होती. पण लॅपटॉपवर आतला माइक चालू होता, आणि टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. नचिकेतनं ओळ म्हटली. थांबला. आणि त्या थांबण्यात...

वाटीवर चमचा घासला.

तिला वाटलं, जुनं रेकॉर्डिंग चालू राहिलं. तिनं वाकून पाहिलं. ते बंद होतं.

तिनं काचेतून आत पाहिलं. नचिकेत एकटा होता. समोर माइक, हातात कागद. वाटी नाही. चमचा नाही. तो मान वळवून डावीकडे बघत होता. तिथं गादी ठोकलेली भिंत होती. फक्त भिंत.

तिनं हेडफोन कानाला लावला. लावायला नको होता.

"आ कर."

बाईचा आवाज. म्हातारा. शब्द एका बाजूनं गळणारे.

नचिकेतनं तोंड उघडलं.

"मोठा आ... हां."

त्याचा जबडा खाली गेला. आणखी खाली. गालाला खळगे पडले, कुणीतरी बोटांनी दाबून धरावं तसे. मग त्यानं गिळलं. परत उघडलं. परत गिळलं. ओठाच्या कडेनं पांढरट, चिकट काहीतरी ओघळलं. पेज. त्यानं दिवसभरात एक कचोरी खाल्ली होती, मनस्वीच्या समोर. पेज नाही.

तो मान हलवत होता. नको, नको. डोळ्यांतून पाणी. पण तोंड मिटेना.

"अजून एक..."

ठसका. पेज नाकातून आली. माइकवर उडाली. छातीवर सांडली. आणि हेडफोनमध्ये घुरघुर सुरू झाली... तीच... पण या वेळी नचिकेतची.

मनस्वीनं दारावर धडका दिल्या. दार हललं नाही. "काकू! लीलाकाकू!" खालून पावलं धावली. तिला काही सुचेना. आतल्याशी बोलायचं बटण टेबलावर होतं, ते तिनं तळहातानं दाबलं. काय बोलावं? रामाचं नावसुद्धा आठवेना. फक्त त्या म्हातारीचेच शब्द तिच्या कानात होते.

"बस, आजी!" ती ओरडली. "बस! मी ऐकलंय सगळं. मी सांगते सगळ्यांना. तुम्ही बस म्हणाला होतात... मी ऐकलंय, आजी. आता बस करा!"

घुरघुर थांबली.

मग एक लांब श्वास. स्वच्छ, मोकळा. त्यात घुरघुर नव्हती.

कडी आतून आपोआप निघाली.

दार उघडलं तसा वास आला. आंबलेल्या पेजेचा, ओल्या गादीचा, फार दिवस पडून असलेल्या माणसाच्या अंगाचा. लीलाकाकू उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी पदर नाकाला लावला, आणि मग सावकाश खाली घेतला. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. चार वर्षं त्यांनी तो धुतला होता.

"सासूबाई?" त्या म्हणाल्या.

नचिकेत जमिनीवर पडला होता, निळा पडलेला, श्वास अर्धा आत, अर्धा बाहेर.

त्याच रात्री, त्याला रिक्षात घालण्याआधी, मनस्वीनं जिन्यातच काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यानं रोज चहा प्यायलेला कप त्यांनी उचलला आणि गल्लीतल्या नालीत फेकला. मग म्हणाल्या, "घेऊन जा त्याला. जगायला हवा तो."

नचिकेत जगला. आता बबीन्याला वडिलांकडे असतो. बोलतो नीट, पण जेवताना कुणी शेजारी बसलेलं त्याला चालत नाही. मनस्वीनं स्पर्धेतून नाव काढून घेतलं. त्या आवाजाचा कण न कण पुसून टाकला. पुण्याच्या मॅडमनी फोन करून कारण विचारलं, तेव्हा म्हणाली, "तो आमचा आवाज नव्हता. चोरलेला होता." हल्ली ती एकटीच गोष्टी करते. कुणाचा आवाज घ्यायचा असला, तर आधी त्या माणसासमोर बसते, घेऊ का म्हणून विचारते. तुम्ही ऐका कधीतरी. साध्या असतात. पण ऐकताना माणूस हलत नाही जागचा.

काका थांबले. शेकोटी विझत आली होती. कुणी लाकूड घातलं नाही.

"झालं?" पार्थनं विचारलं.

"एक राहिलं. त्या रात्री दवाखान्यात नचिकेतचा श्वास मोकळा होईना. डॉक्टर इथलेच, बुंदेलखंडी. त्यांनी घशात दिवा घालून पाहिलं, चिमटा आत घातला, आणि काहीतरी हळूच बाहेर ओढलं. पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवलं. मनस्वी आणि काकू शेजारीच उभ्या होत्या. दोघींनी पाहिलं. काकूंनी ट्रेसमोर हात जोडले.

"डॉक्टरांना बिचाऱ्यांना काही समजेना. चिमटा हातात धरून विचारत राहिले... 'अरे, ये तो तुलसी का पत्ता है। बिलकुल हरा। जिंदा आदमी के मुँह में किसने रखा?'"