पहिली मेंढी

राजूरच्या गणपतीकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं चहाचं हॉटेल आहे. त्याला लागून भुजंगचं मोबाईलचं दुकान. मधली भिंत पत्र्याची. त्यामुळं तिकडं कोण काय बोललं ते मला कान न लावता कळतं; कान लावला तर कुणी काय गिळलं तेही कळतं.

दर रविवारी दुपारी दर्शनाची गर्दी ओसरली की चौघं तिथं मोबाईलवर पत्त्यांची लढाई खेळत. राजा-राणीचे पत्ते नव्हेत, राक्षस आणि तोफांचे. चौघांची मिळून एक गिल्ड, म्हणजे टोळी. समोर कुठल्या तरी दुसऱ्या गावची, नाहीतर दुसऱ्या देशाची टोळी. पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा, असे चार डाव. कोण कितव्या नंबरावर, ते आधी ठरवून कुलूप लावायचं.

म्होरक्या अर्थातच भुजंग. नागसेन सर शाळेत गणित शिकवायचे आणि चौघांत भारी खेळायचे. पप्पूचं चिकन सेंटर. चौथा सांडू. मूळचा हसनाबादचा, मेंढरं विकून इथं हमाली करायला आलेला. गडी कमी पडत होता म्हणून घेतलेला. त्याला टोळीत घेतलं तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद होता, तो लग्नातही नसेल.

खेळात भुजंगचं नाव होतं ‘डेंजर बॉस’, सरांचं ‘गुरुजी ऑन फायर’, पप्पूचं ‘काळा चित्ता’. सांडूनं मात्र रेशनकार्डाचा फॉर्म भरावा तसं भरलं : सांडू तुळशीराम, रा. हसनाबाद.

“आधार नंबर पण टाकायचा ना, येड्या,” पप्पू म्हणाला.

“नाव इचारलं, नाव सांगितलं,” सांडू म्हणाला.

टोळी सारखी हरायची. असाच एकदा हरल्यावर चौघं माझ्या बाकड्यावर तोंडं पाडून बसलेले. सांडू बशीतला चहा फुंकत म्हणाला, “आमची मेंढरं नदीला अडायची ना भाऊ, तवा आज्जा एक मेंढी पहिली ढकलायचा. मरतुकडी बघून. पाण्याला जे घ्यायचं ते तिच्यात घेऊ द्यायचं. मंग बाकीची निवांत पार.”

सरांनी बशी खाली ठेवली. सगळ्या टोळ्या आपला तगडा गडी पहिल्या नंबरावर बसवतात, ते म्हणाले. आपण तिथं मरतुकडा बसवायचा. तो डाव गेला. पण मग आपला तगडा त्यांच्या दुसऱ्याशी, आपला दुसरा त्यांच्या तिसऱ्याशी. “तीन-एक. सरळ गणित आहे.”

“अन् मरतुकडा कोण?” पप्पूनं विचारलं.

चौघंही हसले. सगळ्यात जास्त सांडू हसला. जाता जाता एवढंच म्हणाला, “फकत त्या मेंढीला नाव ठेवत न्हाईत. पाण्याला हाक मारता येऊ नाही म्हणून.” ते ऐकायला तिथं मी एकटीच उरले होते.

पुढच्या रविवारी टोळी जिंकली. त्याच्या पुढच्याही.

सांडू हरायचा, तोही पापणी लवायच्या आत. त्याच्यासमोरच्या गड्याला नावच नसायचं. फोटोच्या जागी नुसता गढूळ रंग. एका रविवारी समोर नाशिकची टोळी, पुढच्या रविवारी ब्राझीलची. पण पहिल्या नंबरावर गडी तोच. आणि डाव सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडून एक शब्द यायचा : ‘ये’.

“ब्राझीलमधी मराठी?” सांडूनं विचारलं.

“गेममधला बग आहे,” सर म्हणाले.

मे महिना. गावाला टँकर. आणि सांडू माझ्याकडं चहाला आला तो ओल्या चपलांनी. “टँकर लुटला काय रे?” मी म्हणाले. तो पायांकडं बघत राहिला. पुढच्या जिंकण्यानंतर त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली. घाम नव्हे, शेवाळाचा वास येत होता. पप्पू म्हणाला, “सांडू, आमच्या गल्लीत पण चक्कर मार, बायका हंडे घेऊन उभ्या राहतेत.” त्यानंतर कमरेपर्यंत. माझ्या मोरीत उभा राहून तो पँटचे पाय पिळायचा, उन्हात थांबायचा, आणि पुन्हा थेंब गळायला लागायचे. एकदा त्या पाण्यात बोटाएवढी मासोळी तडफडताना मी पाहिली. राजूरच्या आसपास तेव्हा कुठल्या नाल्यात हात धुण्याइतकं पाणी नव्हतं.

“भाऊ, मी थांबतो आता,” सांडू भुजंगला म्हणाला.

“फायनल झाली की थांब. कोण अडवतंय?”

“मंग दुसऱ्या नंबरावर तरी टाका.”

“तू दुसरा,” सर सावकाश म्हणाले, “तर पहिला कोण?”

पत्र्यापलीकडं पप्पू आपली स्क्रीन पुसत बसला असणार. अवघड प्रश्न आला की तो स्क्रीनच पुसतो.

फायनलच्या दुपारी सांडूची बायको, माझी शेजारीण दैवशाला आली. चपला बाहेर काढून दुकानात गेली, देवळात जावं तशी.

“भाऊ, ह्यांचं अंथरूण पिळावं लागून राह्यलं. छातीपोहोत आलंय. आजच्याला दुसऱ्या कुणाला बसवा.”

“वहिनी, गेम आहे हो. मोबाईलमधी कुणी बुडतं का?”

“मंग तुमीच बसा की पहिले.”

“मी बसलो तर हारीन ना.”

“ते बी हारतेतच की.”

“म्हणून तर,” भुजंग म्हणाला, आणि त्यानं नंबरांना कुलूप लावलं.

मी चहा घेऊन गेले. चौघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सांडूच्या खुर्चीखाली डबकं साचलेलं. दैवशाला ते लुगड्यानं टिपत होती.

‘ये’.

सांडूनं पहिला पत्ता टाकला. त्याचे ओठ निळे पडले होते.

दुसरा पत्ता टाकायला त्यानं मान वर केली. हनुवटी वर, अजून वर. पाण्यात उभा राहिलेला माणूस नाक वर धरतो तशी.

“पटकन हार ना बे,” पप्पू म्हणाला. त्याची नजर स्वतःच्या डावावर होती.

सांडू हरला.

मोबाईल खुर्चीवर ठेवून तो उठला. दैवशालानं हात धरला. तो तिच्या मुठीतून साबणासारखा सुटला.

तो रस्त्यावर गेला. डांबरावर ओली पावलं उमटत गेली. रस्त्याच्या मधोमध ती थांबली.

पुढं पाऊल नव्हतं. सांडूही नव्हता.

आत आरोळी उठली. टोळी जिंकली होती.

पोलिसांत तक्रार झाली. भुजंगनं सांगितलं, कुठंतरी कामाला निघून गेला असंल. चार दिवस पेढे वाटून झाल्यावर तो दैवशालाकडं गेला आणि सांडूचा मोबाईल मागू लागला. वरच्या लीगमधी खेळायचं तर खातं चालू पाहिजे, पहिला गडी लागतोच.

“उद्या देते,” ती म्हणाली.

संध्याकाळी ती माझ्या बाकड्यावर येऊन बसली. हातात तो मोबाईल. रडली असेल तर घरी रडून आली होती.

“मावशी, भुजंगभाऊच्या बापाचं नाव काय हो?”

“म्हातारदेव. कुंभार पिंपळगावचे ते.”

“अन् त्या सरांच्या?”

“दगडू. पाथरीकडून आलेत.”

“पप्पूचं खरं नाव?”

तेव्हा मी वाकून पाहिलं. स्क्रीनवर तो गढूळ रंग होता, आणि त्याखाली ती एकेक अक्षर शोधून लिहीत होती. थांबायला हवं होतं म्हणा. पण माहीत असलेलं नाव पोटात ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही.

“अंगद,” मी म्हणाले. “अंगद काशिनाथ. इथलाच.”

तिनं तेही पाठवलं. तिकडून लगेच एक ओळ आली. मी उलटी वाचली.

‘सांगणारी कोण?’

दैवशालानं मोबाईल पदराआड घेतला. एका जागी एवढी वर्षं शेजारणी म्हणून राहिलो, पण तिनं हे मला कधी विचारलं नव्हतं.

“बेबीनंदामावशी,” ती म्हणाली, “तुमचं माहेर कुठलं?”